उकडबाईंचे रिकामे डबे

ज्येष्ठांच्या केंद्रात स्वयंपाक करणाऱ्या बाईला सगळे उकडबाई म्हणतात, हे झाडूवाल्यापासून अध्यक्षांपर्यंत सगळ्यांना ठाऊक होतं. ठाऊक नव्हतं ते फक्त तिला. तिच्या तोंडावर सगळे तिला सूनबाई म्हणत. तिच्या सासूबाई याच केंद्रात रोज यायच्या आणि “सूनबाईऽऽ” अशी खणखणीत हाक मारायच्या, की ती हाक आपोआप सगळ्यांच्या तोंडी बसली होती.

नाव मात्र कुणी उगाच ठेवलेलं नव्हतं. तिच्या स्वयंपाकघरात तेलाची एक बाटली होती, ती दाराच्या करकरणाऱ्या बिजागरीसाठी. भोपळा उकडलेला. गाजर उकडलेलं. फरसबी उकडलेली. कोबी तर असा उकडलेला, की ताटात वाढला की बिचारा माफी मागितल्यासारखा पसरायचा. मीठ नाही, मिरची नाही, लसूण नाही, लिंबू नाही, मिरी तर शोधूनही सापडायची नाही. खिडकीच्या काचेवर सदा वाफ, चष्म्यावर वाफ. तो पदराने पुसत सूनबाई अभिमानाने म्हणायची, “पोटाला हलकं, काळजालाही हलकं!”

यात हसण्यासारखं पुष्कळ होतं, पण कारण हसण्यासारखं नव्हतं. तिचा नवरा जेवता जेवता गेला. घास हातात, आणि माणूस नाही. रक्तदाब होता, कित्येक वर्षांचा, कुणी कधी मोजलाच नाही, असं मागाहून डॉक्टर म्हणाले. जेवणात मीठ कमी करायला हवं होतं, असंही म्हणाले. त्या आठवड्यात सूनबाईने घरातली मिठाची बरणी उचलली आणि मागच्या गटारात रिकामी केली. मग मसाल्याचा डबा. मग तेल. सासूबाई दारात उभ्या राहून बघत होत्या. मुलगा गेलेल्या बाईने त्या वेळी काय बोलायचं? घरात आता दोघीच उरल्या होत्या, आणि उरलेल्या एकीला काही होऊ द्यायचं नाही, असं दुसरीने मनाशी पक्कं ठरवलं होतं.

केंद्राची सहल दर गुरुवारी निघायची. शहराबाहेर एक तळं होतं, त्याच्या काठाने चालायला छान सपाट वाट होती, बाकं होती, सावली होती. सूनबाई सहलीला कधी जायची नाही. ती पहाटे उठून सगळ्यांचे डबे भरायची आणि बस सुटेपर्यंत फाटकात उभी राहून “सगळं संपवा हं!” म्हणून हात हलवायची. आणि खरंच, संध्याकाळी डबे परत यायचे ते चाटून पुसून लख्ख. एक शीत नाही, एक साल नाही. केंद्रात जेवताना माणसं निदान थोडं टाकायची, सहलीच्या दिवशी मात्र काही नाही. “मोकळ्या हवेत भूक लागते,” सूनबाई डबे घासता घासता स्वतःशीच म्हणायची, आणि तिचा सगळा आठवडा त्यावर जायचा.

पण सासूबाईंचा रक्तदाब काही खाली येईना.

डॉक्टरांनी एक गोळी दिली. मग दुसरी दिली. मग एके दिवशी सासूबाई मोरीतून उठताना भिंतीला धरून तशाच खाली बसल्या, डोळ्यांपुढे अंधारी आली म्हणाल्या. डॉक्टरांनी पट्टा गुंडाळला, फुगवला, आकडा बघितला आणि चष्म्यावरून सूनबाईकडे बघितलं.

“कुठून तरी मीठ जातंय.”

“माझ्या हातून?” सूनबाईचा आवाज चढला. “डॉक्टर, माझ्या स्वयंपाकघरात मुंगीला चाटायला मीठ मिळणार नाही!”

“मग मला कळत नाही. शुक्रवारी परत आणा. तेव्हाही असाच असला, तर तिसरी गोळी सुरू करू. आणि पुन्हा अंधारी आली, तर सहली बंद. रस्त्यात पडल्या म्हणजे?”

सूनबाई घरी आली ती पांढरीफटक होऊन. आपलं कुठे चुकतंय? भोपळ्यात काही असतं का? पाण्यात? तिने पाणीसुद्धा उकळून, गाळून, पुन्हा उकळून पाहिलं. आणि ठरवलं, शुक्रवारच्या आधीच्या गुरुवारी आपण सहलीला जायचं. आई चालतात कशा, दमतात कुठे, चक्कर येते कधी, सगळं डोळ्यांनी बघायचं.

“तू कशाला येतेस?” सासूबाई म्हणाल्या. “बसमध्ये जागा नसते.”

“मागच्या बाकावर नुसत्या छत्र्या बसतात, आई.”

“ऊन लागतं तिथं.”

“टोपी घेते.”

“अगं, बदकं असतात तिथं! अंगावर येतात!”

सूनबाईने त्यांच्याकडे बघितलं. “आई, मी बदकांना कधी भ्याले?”

सासूबाईंनी तोंड फिरवलं आणि उगाचच शाल घडी करायला घेतली. ती आधीच घडी केलेली होती.

बसमध्ये त्या दिवशी शाळेत साहेब तपासणीला आल्यासारखी शांतता. एरवी या बसचा आवाज तीन गल्ल्या पलीकडे ऐकू यायचा म्हणे. हेडमास्तर, म्हणजे निवृत्त होऊनही ज्यांची शाळा सुटली नव्हती ते, सारखं घसा खाकरत होते. एक खाकरणं सासूबाईंकडे बघून, एक मागे बसलेल्या टेलरमामांकडे बघून. टेलरमामांनी आयुष्यभर लोकांच्या कमरा मोजल्या होत्या आणि अजूनही त्यांना जग शिवणीतूनच दिसायचं. ते सासूबाईंच्या कानाशी वाकून पुटपुटले, “सगळं उसवणार आज.”

“गप बसा हो,” सासूबाई पुटपुटल्या.

“काय झालं?” सूनबाईने मागून विचारलं.

“काही नाही! निसर्ग!” हेडमास्तर मोठ्याने म्हणाले. “आम्ही निसर्गाविषयी बोलत होतो. काय? निसर्ग.”

तळ्याकाठची वाट मात्र सगळी नीट चालली. सूनबाईला बरं वाटलं. सासूबाई तर पुढे, ताठ मानेने, हातातली काठी टेकायला कमी आणि दाखवायला जास्त. चक्कर नाही, दम नाही. मग सगळे बाकांवर बसले आणि सूनबाईने स्वतः डबे वाटले. “चला, उघडा! मोकळ्या हवेत भूक लागते ना?”

डबे उघडले गेले. मग कुणीच काही करेना. सगळी मंडळी आपापल्या डब्यात अशी बघत होती, जशी कुणाच्या तरी चुकून आलेल्या पार्सलात बघावी. शेवटी हेडमास्तरांनी एक चमचा उचलला, तोंडात घातला, चावला, पुन्हा चावला, आकाशाकडे बघितलं आणि गिळला.

“भोपळा,” ते म्हणाले. “हा... भोपळा आहे. काय?”

“अस्तर आहे नुसतं,” टेलरमामा डब्यात तोंड घालून म्हणाले. “वरचं कापड कुठाय?”

सूनबाई काही बोलणार, तेवढ्यात तळ्यावरून बदकं निघाली. चुकून भटकत आली असती तर वेगळं. ही निघाली तीच रांगेने, डुलत डुलत, दिवाळखोरी जाहीर झालेल्या बँकेपुढे ठेवीदार धावतात तशी घाईने. आणि आली तीही कशी? प्रत्येक बदक प्रत्येकापुढे जाऊन उभं राहिलं. ज्याचं त्याचं ठरलेलं! टेलरमामांपुढे एक काटकुळं, हेडमास्तरांपुढे मान वर काढून एक करडं. सगळ्यांत गलेलठ्ठ बदक सासूबाईंपुढे आलं, त्यांच्या स्वेटरची बाही चोचीत धरली आणि हक्काने खाली ओढली.

“अगं बाई!” सूनबाई म्हणाली. “किती माणसाळलीयत!”

कुणी हसेना. सासूबाई बदकाला हळूच पायाने मागे ढकलत होत्या. बदक काही हटेना. ते “क्वॅक!” म्हणालं, आणि त्या क्वॅकमध्ये इतकी तक्रार होती, की सूनबाईच्या मनात काहीतरी हललं.

तेवढ्यात रस्त्याच्या पलीकडून हाक आली. तिकडे तळलेली मासळी आणि बटाटे विकणारीची टपरी होती. टपरीवाली हातातला झारा निशाणासारखा हलवत बाहेर आली होती. टोपी घालून बसलेल्या नव्या बाईकडे तिचं लक्षही गेलं नाही.

“अहो मंडळी! आज बदकांना उपाशी ठेवताय होय? टाका की लवकर त्यांच्यापुढे ते उकडबाईचं, आणि या इकडं! तेल कधीचं तापलंय! आणि डब्या काढा, मीठ भरून ठेवते!”

सूनबाईच्या हातातला डबा तिथेच वाकडा झाला. भोपळ्याचा एक तुकडा घसरून खाली पडला. गलेलठ्ठ बदकाने तो जमिनीला टेकायच्या आधी झेलला.

“उकडबाई कोण?” तिने विचारलं.

हेडमास्तरांना आयुष्यात पहिल्यांदा उत्तर येत नव्हतं.

“आई. उकडबाई कोण? आणि कसल्या डब्या?”

सासूबाईंनी डोळे मिटले. मग उघडले. मग पिशवीत हात घालून गोळ्यांची छोटी डबी बाहेर काढली. ही डबी सूनबाईनेच आणली होती, केंद्रातल्या प्रत्येकाला एकेक, औषध विसरू नये म्हणून. सासूबाईंनी झाकण उघडलं. आत तळाला पांढरं, बारीक, चमकणारं मीठ.

सूनबाईने टेलरमामांकडे बघितलं. त्यांनी मुकाट्याने खिशातली डबी काढली. मग हेडमास्तरांनी. मग मागच्या बाकावरून टकटक करत आणखी डब्या निघाल्या.

“आणि गोळ्या?” तिने विचारलं.

“गोळ्या रुमालात,” हेडमास्तर म्हणाले. “त्या आम्ही वेळेवर घेतो. शिस्तीत. काय? त्याबाबतीत कुचराई नाही.”

“रोज? केंद्रातसुद्धा? माझ्यासमोर?”

“तुमच्या चष्म्यावर वाफ असते ना,” टेलरमामा खाली बघत म्हणाले.

लख्ख डबे! अख्ख्या आठवड्याचं तिचं समाधान बदकांनी चाटून पुसून दिलं होतं! ती इतकी वर्षं तळ्यातल्या बदकांसाठी पहाटे उठत होती! आणि माणसं रोज तिच्या नाकासमोर गोळ्यांच्या डबीतून विष शिंपडून घेत होती. तिच्या लेखी ते विषच होतं.

“हे कुणाच्या डोक्यातून निघालं?” तिने विचारलं.

सगळ्यांनी एकदम सासूबाईंकडे बघितलं. बदकसुद्धा.

सूनबाई उठली ती सरळ बसकडे चालू लागली. ड्रायव्हर सावलीत डुलकी काढत होता. रिकाम्या बसमध्ये ती छत्र्यांच्या बाकावर जाऊन बसली. रडू येईल असं तिला वाटलं होतं, पण आलं नाही. नुसते कान वाजत होते.

बऱ्याच वेळाने बसच्या पायऱ्यांवर काठी वाजली. सासूबाई एकेक पायरी चढत वर आल्या. एका हातात काठी, दुसऱ्या हातात सूनबाईचाच डबा, आणि डब्याच्या झाकणावर अर्धं कापलेलं लिंबू.

“उद्या डॉक्टर तिसरी गोळी देणार आहेत,” सूनबाई खिडकीकडे बघत म्हणाली. “तुम्ही मोरीत पडला होतात. मी रात्रभर तुमचा श्वास मोजत जागी होते. आणि तुम्ही इथं...”

“हो.”

“हो काय! काही वाटलं नाही तुम्हाला? माझं सांगते, त्यांच्या वेळेला मला कळलं नाही, म्हणून...” ती थांबली. “आणि तुम्हाला कळत असून तुम्ही खाताय!”

सासूबाई शेजारी बसल्या. छत्र्या बाजूला सरकवाव्या लागल्या.

“वाटलं ना. दर वेळेला वाटतं. पण पोरी, एक विचारू? डॉक्टर मीठ कमी करा म्हणाले. बरोबर. लिंबू कमी करा म्हणाले होते का?”

सूनबाईने नकारार्थी मान हलवली.

“लसूण? मिरी? कोथिंबीर? भाजी थोडी परतायची, करपू न देता, चमचाभर तेलात, हे नको म्हणाले होते का? तू त्या दिवशी बरणी रिकामी केलीस, तिथं थांबली असतीस तर मी तुझ्या पाठीशी उभी राहिले असते. पण तू सगळंच ओतून दिलंस. माझा मुलगा त्या दिवशी गेला, आणि तुझी जीभ त्याच्याबरोबर गेली. तू जेवत नाहीस गं. गिळतेस. आणि आम्हालाही गिळायला लावतेस.”

“मग सांगायचं होतं की मला!”

“कसं सांगू? तू रोज वाढताना माझ्याकडे अशी बघायचीस, जशी मी घास घेतला नाही तर आत्ता मरेन.”

सासूबाईंनी डबा उघडला. दुसऱ्या खणात फरसबी होती, गार, हिरवट राखाडी. त्यांनी त्यावर लिंबू पिळलं, कागदाच्या पुडीतून मिरीपूड टाकली आणि डबा तिच्यापुढे धरला.

“खा. मीठ नाही घातलं. शप्पथ. लिंबू टपरीवालीकडून मागून आणलंय, गिऱ्हाईकं बुडाली म्हणून ती चिडलीय माझ्यावर.”

सूनबाईने खायचं म्हणून एक शेंग तोंडात टाकली. आणि ती थांबली. आंबट, तिखट, मग परत आंबट. जिभेच्या कडांना झिणझिण्या आल्या, गालाच्या आत पाणी सुटलं. तिने दचकून सासूबाईंकडे बघितलं, जसं कुणी मागून डोळे झाकले असावेत. आणखी एक शेंग. आणखी एक. मग कुठे रडू आलं, आणि ते चावता चावता आलं, त्यामुळे ठसका लागला. सासूबाईंनी पाठीवर थापट्या मारल्या.

“हे... हे मीठ न घालता असं लागतं?” ठसक्यातून ती म्हणाली.

“तुला माहीत होतं. लग्न होऊन आलीस तेव्हा या घरात तूच शिकवलं होतंस मला.”

मग सूनबाई नाक पुसत म्हणाली, “मी करीन. लसूण, लिंबू, सगळं. पण उद्या डॉक्टरांना खरं सांगायचं.”

सासूबाईंचा चेहरा पडला. “सांगितलं तर सहल बंद होईल.”

“नाही सांगितलं तर तिसरी गोळी.”

“घेते मी गोळी.”

“आई!”

“मला घरी बसवू नकोस,” सासूबाई म्हणाल्या, आणि आता त्यांचाच आवाज बारीक झाला होता. “खुर्चीत बसून भिंत बघायची? माझ्या वयाची किती बसली, ती परत उठलीच नाहीत. गुरुवार आहे म्हणून मला बुधवारी झोप लागते आणि शुक्रवारी उठावंसं वाटतं.”

सूनबाईला हे पहिल्यांदाच कळत होतं. तिला वाटायचं, आई सहलीला जातात ती हवा खायला. तिने काही वचन दिलं नाही, आणि सासूबाईंनीही दिलं नाही. परतीच्या वाटेवर हेडमास्तरांचं खाकरणंसुद्धा बंद होतं.

शुक्रवारी डॉक्टरांनी पट्टा गुंडाळला, फुगवला, आकडा बघितला आणि मान हलवली. पेन उचललं. सूनबाईने तोंड उघडलं. पण तिच्या आधीच टेबलावर टक् असा आवाज झाला. सासूबाईंनी गोळ्यांची डबी तिथे ठेवली होती.

“हे बघा आधी.”

“हो, गोळ्या घेताय ना वेळेवर? छान.” डॉक्टरांनी झाकण उघडलं. भुवया वर गेल्या. त्यांनी बोट बुडवलं, जिभेला लावलं, आणि असे उडाले, जसं पायाखालून मांजर गेलं असावं. “हे मीठ आहे!”

“दर गुरुवारी ताजं,” सासूबाई म्हणाल्या. “केंद्रात रोज वरून घ्यायचं. तळ्यावर तळलेली मासळी, बटाटे. हिचं अन्न मी बदकांना घालते. हिची काही चूक नाही. लिहा काय लिहायचं ते.”

डॉक्टर सासूबाईंकडे बघत राहिले, मग सूनबाईकडे, मग डबीकडे. “बदकांना?” ते म्हणाले. कुणीतरी हो म्हणावं म्हणून थांबले. सूनबाईने मान डोलावली.

“आजी, मी तुम्हाला तिसरी गोळी लिहीत होतो,” डॉक्टर हळूच म्हणाले. त्यांचा आवाज खरोखर हादरलेला होता. “दोन गोळ्यांनीच तुम्हाला उठताना अंधारी येत असेल. वर तिसरी. आणि ज्या दिवशी मीठ पोटात गेलं नसतं, त्या दिवशी तुम्ही कुठल्या कुठे पडला असतात! मी रोगाला औषध देत नव्हतो, या डबीला देत होतो!”

त्यांनी लिहिलेला कागद फाडला आणि नवा घेतला. मीठ आजपासून बंद. तिसरी गोळी तूर्त नाही. पुढच्या आठवड्यात परत तपासणी. आणि केंद्रातल्या ज्यांच्या ज्यांच्या खिशात अशी डबी आहे त्यांनी आपापल्या डॉक्टरांना सांगायचं, नाहीतर मी येऊन सांगेन.

“आणि तळं?” सासूबाईंनी विचारलं.

“तळ्याला काय झालं? चाला. तुम्ही चालायचं थांबवलंत, तर आहे त्या गोळ्याही पुरायच्या नाहीत. पण सूनबाई सोबत हव्या, दर वेळी.”

बाहेर जिन्यात आल्यावर सासूबाईंनी कठड्याला धरून निश्वास सोडला. “म्हणजे आता पहारा.”

“पहारा नाही,” सूनबाई म्हणाली. “मी जेवायला येणार आहे.”

सासूबाई पायरीवर थबकल्या. इतक्या दिवसांत या पोरीच्या तोंडून ‘जेवायला’ हा शब्द स्वतःसाठी त्यांनी ऐकला नव्हता. त्या तिच्याकडे बघत राहिल्या, खालून जिना चढणाऱ्या माणसाला दोघींच्या मधून वाट काढावी लागली.

“मग पहिल्यांदा भाजीवाल्याकडे चल,” त्या शेवटी म्हणाल्या. “आणि भोपळ्याला मी तुला हात लावू देणार नाही. तो मी परतीन. तू फक्त चाखून बघ आणि बोल.”